सोळा नावांची यादी : कुत्र्याचं खाणं, हृदयविकार आणि बातमीने फुगवलेला आकडा

जुलै 2019. रात्रीचे साडेअकरा वाजले होते. इतक्या उशिरा न्यू जर्सीहून फोन आला की पोटात गोळा येतो, कारण धाकटी एरवी रविवारी सकाळीच फोन करते. तिने हॅलोसुद्धा म्हटलं नाही. "ताई, चार वर्षं आम्ही मोतीला विषच घालत होतो का गं?"

मोती हा तिचा गोल्डन रिट्रीव्हर. पिल्लू घरात आलं तेव्हापासून त्याला एकाच ब्रँडचे दाणे चालू होते. पिशवी महागाची, तिच्यावर लांडग्याचं चित्र आणि 'ग्रेन-फ्री' असे ठळक शब्द, म्हणजे धान्याचा कण नाही. त्या दिवशी ऑफिसात कोणीतरी तिच्यासमोर मोबाइल धरला. अमेरिकी सरकारने कुत्र्यांच्या हृदयविकाराशी 'जोडलेल्या' सोळा ब्रँडची नावं बातमीत होती आणि मोतीच्या पिशवीवरचं नाव त्या यादीत होतं.

मी तेव्हा एका मराठी दैनिकाच्या पुरवणीत कामाला होते. पाळीव प्राण्यांचं अर्धं पान माझ्याकडे असे. त्याच आठवड्यात आमच्याकडेही ही बातमी लागली आणि तिचा मथळा मी पाहून पुढे सोडला होता. म्हणून हे प्रकरण मी नंतर पुन्हा पुन्हा वाचत राहिले. तज्ज्ञांनी काय सांगितलं, छापून काय आलं, कुत्रा पाळणाऱ्यांच्या हाती काय पोचलं आणि शेवटी काय उरलं, ते सगळं एका जागी मांडते आहे.

आधीची भीती

हृदयविकाराची ही बातमी पहिल्यांदा आली 2018 मध्ये, पण तिची मुळं 2007 मध्ये आहेत. त्या वर्षी मार्चमध्ये मेन्यू फूड्स या कंपनीने कुत्र्या-मांजरांच्या खाण्याचे सहा कोटींहून जास्त डबे आणि पाकिटं बाजारातून परत मागवली. चीनमधून आलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये, म्हणजे गव्हातल्या प्रथिनात, मेलामाइन मिसळलेलं सापडलं होतं. प्लास्टिक बनवायला लागणारं हे रसायन प्रथिनांचं प्रमाण खोटं वाढवून दाखवायला वापरलं होतं. प्राण्यांच्या मूत्रपिंडात त्याचे खडे झाले, मूत्रपिंडं निकामी झाली, अनेक प्राणी गेले. एकाच कारखान्यातून शंभरेक ब्रँडचा माल निघत होता, हेही लोकांना तेव्हाच कळलं.

त्यातून मोठ्या कंपन्यांवरचा विश्वास उडाला आणि गव्हावरचाही. भेसळ मेलामाइनची होती, पण लोकांच्या लक्षात गहू राहिला. मग लहान कंपन्यांनी नवी पिशवी बाजारात आणली : गहू नाही, मका नाही, सोया नाही, तुमचा कुत्रा मुळात लांडगाच आहे. धान्याच्या जागी वाटाणा, मसूर, हरभरा, बटाटा, रताळं आलं. दाणा दाणा म्हणून टिकायला पिष्ट लागतंच, ते कुठून तरी आणावं लागतं. काही वर्षांत पाळीव प्राण्यांच्या खास दुकानांत या मालाने मोठी जागा व्यापली.

लांडग्याची गोष्ट ऐकायला छान आहे, पण विज्ञानाने ती जानेवारी 2013 मध्येच अडवली होती. 'नेचर'मध्ये आलेल्या स्वीडिश संशोधकांच्या अभ्यासात दिसलं की पिष्ट पचवणाऱ्या अमायलेज जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात, कुत्र्यात मात्र चारपासून तीसपर्यंत. माणसाच्या उष्ट्या अन्नावर जगता जगता कुत्रा धान्य पचवायला शिकला. आपल्याकडे शिळी भाकरी आणि ताक-भातावर पिढ्यान् पिढ्या जगलेली गावठी कुत्री पाहिलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. ॲलर्जीचंही तसंच. कुत्र्यांच्या अन्न-ॲलर्जीच्या नोंदी एकत्र तपासून 2016 मध्ये एक आढावा आला. त्यात गोमांस 34 टक्के, दूध 17 टक्के, कोंबडी 15 टक्के आणि गहू 13 टक्के होता. गहू आहे, पण चौथा.

ही दोन्ही माहिती पिशवी घेणाऱ्यापर्यंत पोचली नाही. जाहिरातीने भरलेल्या मनावर मग 2018 ची बातमी येऊन पडली.

डॉक्टरांना काय दिसलं

आजाराचं नाव डायलेटेड कार्डिओमायोपॅथी. हृदयाचा स्नायू पातळ आणि अशक्त होतो, कप्पे फुग्यासारखे ताणतात, रक्त नीट पुढे ढकललं जात नाही. कुत्रा लवकर दमतो, खोकतो, धापा टाकतो, कधी चक्कर येऊन पडतो, तर कधी काहीच लक्षण न दाखवता एक दिवस जातो. डॉबरमन, ग्रेट डेन, आयरिश वुल्फहाउंड यांच्यात हा आजार रक्तातूनच येतो आणि तो बरा होत नाही. औषधांनी दिवस वाढतात, इतकंच.

अमेरिकेतल्या पशुहृदयरोगतज्ज्ञांना 2018 च्या आसपास खटकलं ते असं की हा आजार गोल्डन रिट्रीव्हर, लॅब्राडोर, शिट्झू, व्हिपेट आणि मिश्र जातीच्या कुत्र्यांतही दिसायला लागला होता. काही घरांत तर नात्याने काहीही न लागणारे, वेगवेगळ्या जातींचे दोन कुत्रे एकाच पिशवीतलं खाऊन आजारी पडले होते. आणि सगळ्यात बोलकी खूण : खाणं बदलल्यावर यातल्या काहींचं हृदय सुधारलं. आनुवंशिक आजारात सहसा असं होत नाही.

या शंकेला एक जुना धागाही होता. 1987 मध्ये कॅलिफोर्नियात डेव्हिस इथल्या विद्यापीठात डॉ. पॉल पायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सायन्स'मध्ये दाखवून दिलं होतं की बाजारातल्या खाण्यात टॉरीन हे हृदयाला लागणारं अमिनो आम्ल कमी पडल्याने मांजरांची हृदयं निकामी होत होती आणि टॉरीन दिल्यावर ती बरी होत होती. कंपन्यांनी टॉरीन वाढवलं आणि मांजरांतला तो आजार जवळजवळ नाहीसा झाला. पोषण आणि पशुवैद्यक यांच्या इतिहासातलं हे फार देखणं काम आहे. त्यामुळे तीस वर्षांनी डेव्हिसमध्येच डॉ. जोशुआ स्टर्न यांच्यासमोर आजारी गोल्डन येऊ लागले तेव्हा पहिला संशय टॉरीनवर जाणं साहजिक होतं. डिसेंबर 2018 मध्ये त्यांच्या गटाने अशा 24 गोल्डन रिट्रीव्हरची माहिती प्रसिद्ध केली. टॉरीन कमी होतं, खाणं बदललं, टॉरीन दिलं आणि जवळजवळ सगळे सुधारले.

मात्र इतर जातींच्या पुष्कळ आजारी कुत्र्यांचं टॉरीन व्यवस्थित होतं. कोडं तिथेच अडलं.

एका शब्दाची चूक

12 जुलै 2018 ला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, जाहीर केलं की आहार आणि कुत्र्यांचा हृदयविकार यांचा संबंध आहे का, याचा तपास चालू आहे. वाटाणा, मसूर, इतर कडधान्यं किंवा बटाटा हे मुख्य घटक असलेल्या खाण्याबद्दल ते निवेदन होतं. मुख्य म्हणजे काय, तेही त्यांनी सांगितलं : पिशवीवरच्या यादीत पहिल्या जीवनसत्त्वाच्या किंवा खनिजाच्या आधी येणारा घटक.

बातम्यांत मात्र 'ग्रेन-फ्री' हा शब्द गेला. तो सोपा होता, पिशवीवर छापलेला होता, लोकांच्या तोंडी होता. शब्द बदलला आणि अर्थ उलटा झाला. निवेदनाचा रोख खाण्यात जे आहे त्याकडे होता, मथळ्याचा रोख खाण्यात जे नाही त्याकडे. धान्य नसल्यामुळे हृदय बिघडतं असं कोणी तज्ज्ञ म्हणत नव्हता. परिणाम काय झाला? लोकांनी दाण्यांवर मूठभर भात टाकायला सुरुवात केली आणि धोका टळला असं मानलं. पिशवीतला वाटाणा तसाच राहिला. शिवाय धान्य असलेल्या काही पिशव्यांतही वाटाण्याचं प्रथिन, वाटाण्याचं पिष्ट आणि वाटाण्याचा कोंडा असे एकाच वाटाण्याचे तीन तुकडे वेगवेगळ्या ओळींत लिहिलेले असतात. तिन्ही मिळून वाटाणा मांसाहूनही जास्त भरू शकतो. मथळा वाचणाऱ्याला हे कळायला मार्गच नव्हता.

टफ्ट्स विद्यापीठातल्या पोषणतज्ज्ञ डॉ. लिसा फ्रीमन यांनी नोव्हेंबर 2018 मध्ये याच मुद्द्यावर लिहिलं की प्रश्न फक्त ग्रेन-फ्रीचा नाही. लहान कंपन्यांचा माल, कांगारू-बायसनसारखं अनोळखी मांस आणि धान्यविरहित खाणं या तिन्हींकडे संशयाने पाहायला हवं, असं त्यांचं म्हणणं होतं. डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या पशुवैद्यक संघटनेच्या नियतकालिकात त्यांनी आणि चार हृदयरोगतज्ज्ञांनी लेख लिहिला. त्यात कारण अजून ठाऊक नसल्याचं स्पष्ट नोंदवलं होतं. पण तोवर पहिल्या शब्दाने घर केलं होतं.

आमच्याकडे हा गोंधळ आणखी एका पायरीने वाढला. आमच्या बातमीत 'डाळींमुळे' असा शब्द आला. दुसऱ्या दिवशी चिपळूणहून एका बाईंचा फोन आला. आवाज रडवेला होता. त्यांचा टॉमी नऊ वर्षं वरण-भात खात होता. मी त्यांना सांगितलं की हा प्रश्न पिशवीतल्या दाण्यांचा आहे, जिथे मसूर-वाटाण्याची पूड हाच निम्मा माल असू शकतो. पळीभर वरणाने टॉमीला काही होणार नाही, फक्त त्याच्या वाट्याचं वरण कांदा-लसणाची फोडणी घालण्याआधी काढा, कारण कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तपेशींना खरोखरच घातक आहे. त्या म्हणाल्या, "हे छापलं का नाही हो तुम्ही?"

दुसरा घोळ नावाचा. आमच्या पानावर नुसतं 'एफडीए' छापलं होतं. मराठी वाचकाला एफडीए म्हणजे महाराष्ट्राचं अन्न व औषध प्रशासन, दिवाळीत खवा पकडणारं. कितीतरी जणांची समजूत झाली की पुण्या-मुंबईतल्या दुकानांतल्या पिशव्या इथल्या प्रशासनाने तपासल्या आणि त्या नापास झाल्या. यादीतली काही नावं आपल्याकडेही आयात होऊन मिळतात, त्यामुळे ही समजूत घट्ट बसली.

आकडा कसा वाढला

या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हा आहे आणि त्याच्याबद्दल छापून सगळ्यात कमी आलं.

27 जून 2019 च्या अहवालात एफडीएने सांगितलं की 1 जानेवारी 2014 ते 30 एप्रिल 2019 या काळात त्यांच्याकडे या आजाराच्या 524 तक्रारी आल्या. त्यातल्या 515 कुत्र्यांच्या, 9 मांजरांच्या. एका तक्रारीत घरातले दोन-तीन प्राणी असू शकतात, त्यामुळे कुत्रे मोजले तर 560, त्यातले 119 दगावलेले. बातमीत हे असं आलं : पाच वर्षांत पाचशेहून अधिक कुत्रे आजारी, शंभराहून अधिक मृत. वाचणाऱ्याच्या डोळ्यासमोर वर्षाला शंभराच्या हिशेबाने सरकत आलेली साथ उभी राहते.

त्याच अहवालात वर्षवार फोड होती. 2014 मध्ये 1 तक्रार. 2015 मध्ये 1. 2016 मध्ये 2, 2017 मध्ये 3. मग 2018 मध्ये एकदम 320 आणि 2019 च्या पहिल्या चार महिन्यांत 197. चार वर्षांत मिळून सात आणि पुढच्या सोळा महिन्यांत पाचशे सतरा.

कुत्र्यांची हृदयं एका वर्षात अशी शेकडोंनी बिघडली का? उत्तर एफडीएच्याच आधीच्या आकड्यांत सापडतं. नोव्हेंबर 2018 अखेर त्यांच्याकडे 300 तक्रारी होत्या आणि त्यातल्या सुमारे 276 जुलैच्या जाहीर निवेदनानंतर आलेल्या होत्या. म्हणजे निवेदन झालं, बातम्या आल्या, कुत्रा पाळणारे घाबरून पशुवैद्याकडे गेले, पशुवैद्यांनी एरवी न विचारलेला प्रश्न विचारला, "खायला काय घालता?", उत्तर ग्रेन-फ्री आलं की तक्रार नोंदवली. तक्रारी वाढल्या, वाढलेल्या तक्रारींची नवी बातमी झाली, त्या बातमीने आणखी लोक घाबरले. आपल्या गल्लीत एका घरी डेंगी निघाला की सगळी गल्ली रक्त तपासून घेते आणि आठवड्यात दहा रुग्ण सापडतात, तसाच हा प्रकार. ते दहा खोटे नसतात. पण डास त्या आठवड्यात दसपट झाले, असा त्याचा अर्थ कोणी काढला तर तो चुकेल.

मी इथे तज्ज्ञांच्या बाजूनेही बोलणार आहे, कारण ते खोटं बोलत नव्हते. निवेदनाआधी तक्रारी कमी होत्या याचं एक कारण हेही असू शकतं की खाण्याशी संबंध असेल असं कोणाच्या मनातच आलं नव्हतं. जाहीर करण्याचा हेतूच तक्रारी मिळवण्याचा होता. तपास असाच सुरू होतो. एफडीएने तक्रारींबरोबर हेही लिहिलं होतं की अमेरिकेत अंदाजे 7 कोटी 70 लाख पाळीव कुत्रे आहेत. 560 हा आकडा त्या आकड्याशेजारी ठेवून वाचायचा होता. मी नंतर त्या दिवसांतल्या जितक्या बातम्या शोधून वाचल्या, त्यांतल्या फार थोड्यांत हे दोन आकडे शेजारी दिसले. आमच्या बातमीत तर दुसरा आकडा नव्हताच. जागा कमी पडली म्हणून तो परिच्छेद शेवटून कापला गेला होता. वृत्तसंस्थेची तार, म्हणजे बातमीचा मजकूर, आली की शेवटून कापायची, हा डेस्कचा जुना शिरस्ता आहे. आरोग्याच्या बातमीत अटी आणि मर्यादा शेवटीच असतात, त्यामुळे कात्री नेमकी त्यांच्यावर चालते.

सोळा नावं

ज्या ब्रँडच्या दहा किंवा त्याहून जास्त तक्रारी आल्या त्यांची नावं एफडीएने त्या अहवालात तक्त्यात दिली. पहिल्या नावापुढे 67 होते, शेवटच्यापुढे 10. ती नावं मी इथे लिहीत नाही. पाळणाऱ्याला निर्णय घ्यायला त्यांचा उपयोग होत नाही आणि या प्रकरणात सगळ्यात जास्त नुकसान त्याच तक्त्याने केलं, असं माझं मत आहे.

कारण तक्त्यात अंश होता, छेद नव्हता. 67 तक्रारी किती पिशव्यांमागे? ज्या ब्रँडचा खप मोठा त्याच्या तक्रारी जास्त असणारच. बाजारात कोणाचा वाटा किती, याचा हिशेब त्या तक्त्यात कुठेच नव्हता. तक्रारींमधल्या नव्वद टक्क्यांहून जास्त पिशव्या धान्यविरहित होत्या, 93 टक्क्यांत वाटाणा किंवा मसूर होता. या टक्क्यांत दम आहे, पण 'वाटाणा खाणारे कुत्रे असतील तर कळवा' असं सांगितल्यावर आलेल्या तक्रारींत वाटाणा जास्त दिसणार, हेही तितकंच खरं.

आणि तरी सोळा नावांची यादी हे बातमीदाराला नाकारता न येणारं साहित्य होतं. यादी झटकन वाचली जाते, झटकन पुढे पाठवली जाते. 'तपास चालू, कारण अज्ञात' हे कोणी पुढे पाठवत नाही. धाकटीला त्या दिवशी व्हॉट्सॲपवर चार जणांनी यादीचं चित्र पाठवलं, त्यातल्या दोघी पुण्याच्या. एकाही चित्रात तक्त्याखालचा मजकूर नव्हता.

मोतीचा इको

धाकटीने मोतीला तिच्या पशुवैद्यांकडे नेलं. त्यांनी हृदयरोगतज्ज्ञाकडे पाठवलं आणि तिथे तीन आठवड्यांनंतरची वेळ मिळाली, कारण तेव्हा गोल्डन पाळणारी सगळीच माणसं रांगेत होती. त्या तीन आठवड्यांत ती मोतीच्या श्वासाकडे कान लावून झोपायची. झोपेत मिनिटाला किती श्वास होतात ते घड्याळ लावून मोजायची आणि मला आकडे पाठवायची. 18. 20. 17. तीसच्या आत आहे ना, मग ठीक आहे, असं मी लिहायची.

इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाला. टॉरीन व्यवस्थित निघालं. हृदयाचं आकुंचन मात्र अपेक्षेपेक्षा किंचित कमी होतं. डॉक्टर म्हणाले की गोल्डनमध्ये निरोगी कुत्र्याचंही इतकं असू शकतं, आणि याचा जुना इको कोणाकडे नसल्यामुळे हे नवं आहे की जन्मापासूनचं ते सांगता येत नाही. खाणं बदलून सहा महिन्यांनी पुन्हा पाहू, बदलण्यात तोटा काही नाही. तिने बदललं. जानेवारी 2020 मध्ये दुसरा इको झाला, आकडा थोडा वर गेला होता.

घरात आनंद झाला. मलाही झाला. "म्हणजे पिशवीच वाईट होती ना?" तिने विचारलं. मी हो म्हणणार होते. मग डॉक्टरांनी तिला जे सांगितलं तेच तिने मला वाचून दाखवलं : दोन वेळच्या मोजणीत यंत्र आणि हात यांच्यामुळेही इतका फरक पडू शकतो. कदाचित खाण्यामुळे सुधारला असेल, कदाचित आधीही काही झालं नसेल. एका कुत्र्याच्या दोन इकोंवरून ठरवता येत नाही.

ते डॉक्टर मला या संपूर्ण प्रकरणातले सगळ्यात चांगले बातमीदार वाटतात. ठाऊक आहे ते सांगितलं, ठाऊक नाही तेही सांगितलं, आणि तरीही आज काय करायचं ते सांगितलं. मोतीची माहिती एफडीएला कळवायची की नाही, याचाही त्यांनी विचार केला आणि आजार सिद्ध नाही म्हणून कळवली नाही. दुसऱ्या एखाद्या डॉक्टरांनी कळवली असती, तर मोती त्या आकड्यात आणखी एक झाला असता.

कोण कोणाच्या पैशावर बोलतं

जून 2020 मध्ये उलटी बातमी आली : दीडशेहून जास्त अभ्यासांच्या आढाव्यात ग्रेन-फ्री आणि हृदयविकाराचा पक्का संबंध सापडला नाही. तो आढावा पाळीव प्राण्यांच्या खाद्यकंपन्यांना सल्ला देणाऱ्या एका संस्थेच्या लोकांनी लिहिला होता आणि त्या कंपन्यांत धान्यविरहित माल बनवणाऱ्याही होत्या. मग या बाजूच्या लोकांनी त्या बाजूकडे बोट दाखवलं : 2018 च्या लेखातल्या तज्ज्ञांपैकी काहींना मोठ्या, धान्य वापरणाऱ्या कंपन्यांकडून संशोधनाला किंवा व्याख्यानांना पैसे मिळालेले होते. दोन्ही खरं आहे. दोन्ही त्या त्या लेखाच्या शेवटी छापलेलं आहे.

पशुपोषणाच्या संशोधनाला पैसा बहुतांशी खाद्यउद्योगाकडूनच येतो. त्यामुळे पैसे घेतले म्हणून सगळं खोटं, असं म्हटलं तर वाचायला काही उरणार नाही. पण वाचकाला हे सांगायला हवं होतं आणि दोन्ही वेळा बहुतेक बातम्यांत सांगितलं गेलं नाही. जुलै 2018 मध्ये वाचकाला एक निवाडा मिळाला, जून 2020 मध्ये त्याच्या बरोबर उलटा. दोन्ही निवाडे नव्हते.

नाताळाआधीचा शुक्रवार

शास्त्र आपल्या गतीने चालत राहिलं. 2021 मध्ये टफ्ट्सच्या गटाने नऊ संशयित आणि नऊ नेहमीच्या खाण्यांतल्या रसायनांची तुलना केली आणि त्यात वाटाण्याकडे बोट गेलं. त्याच वर्षी आलेल्या दुसऱ्या अभ्यासात अशा खाण्यावरचे आजारी कुत्रे खाणं बदलल्यावर जास्त जगलेले दिसले. उलट 2022 मध्ये 14 पशुहृदयरोग रुग्णालयांच्या 2000 ते 2019 च्या नोंदी पाहिल्या तेव्हा ग्रेन-फ्रीचा खप वाढला त्या वर्षांत आजाराचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही. हा अभ्यासही त्याच सल्लागार संस्थेचा. एफडीएचे पशुवैद्यक विभागप्रमुख स्टीव्हन सोलोमन यांनी सप्टेंबर 2020 मध्ये कॅन्सस स्टेट विद्यापीठाच्या परिषदेत हे प्रकरण गुंतागुंतीचं आहे आणि त्यामागे अनेक कारणं असू शकतात, असं मांडलं होतं.

मग 23 डिसेंबर 2022, नाताळाआधीचा शुक्रवार. एफडीएने कळवलं की 1 नोव्हेंबरपर्यंत कुत्र्यांच्या 1382 तक्रारी आल्या आहेत, नुसत्या तक्रारींच्या संख्येवरून एखाद्या मालामुळे आजार होतो असं ठरवता येत नाही आणि काही ठोस नवं शास्त्रीय हाती आल्याशिवाय यापुढे या विषयावर नियमित माहिती दिली जाणार नाही.

धाकटीला हे चार महिन्यांनी कळलं, तेही मोतीच्या लसीसाठी गेली तेव्हा. 2019 मध्ये तिला सोळा नावांची बातमी एका दिवसात चार जणांनी पाठवली होती.

जानेवारी 2023 मध्ये मी आमच्या पुरवणीला पाठपुरावा सुचवला. तोवर मी तिथली नोकरी सोडली होती. "यात बातमी काय आहे?" असं मला विचारलं गेलं. साडेतीन वर्षांपूर्वी आपण जे सांगितलं ते अजून सिद्ध झालेलं नाही, ही बातमी आहे, असं मी म्हटलं. पानाच्या तळाशी चार ओळी लागल्या. जुन्या बातमीला त्या कोणी जोडल्या नाहीत. ती बातमी शोधणाऱ्याला आजही तशीच सापडते.

चिपळूणच्या बाईंचा प्रश्न तेव्हापासून माझ्याजवळ आहे. मी तो मथळा सोडला त्या संध्याकाळी हातात पूर्ण तार होती, पुरेसा वेळ होता आणि पानावर साधारण इतकीच जागा होती. त्या जागेत हे बसलं असतं :

*'कुत्र्यांच्या खाण्याचा अमेरिकेत तपास. कारण अद्याप अज्ञात. वाटाणा, मसूर किंवा बटाटा मुख्य घटक असलेले तयार दाणे खाणाऱ्या काही कुत्र्यांमध्ये हृदयाचा एक आजार आढळला असून दोन्हींचा संबंध आहे का, हे अमेरिकेचे अन्न व औषध प्रशासन तपासत आहे. सुमारे पावणेआठ कोटी पाळीव कुत्र्यांपैकी 560 कुत्र्यांची माहिती आतापर्यंत आली आहे. बहुतेक तक्रारी गेल्या वर्षी तपास जाहीर झाल्यानंतरच्या आहेत. सोळा ब्रँडची नावे प्रसिद्ध झाली असली तरी त्यांच्या खपाशी तुलना केलेली नाही आणि कोणताही माल बाजारातून परत मागवलेला नाही. भारतातील प्रशासनाने अशी तपासणी केलेली नाही. घरच्या वरण-भाताशी या तपासाचा संबंध नाही. कुत्रा लवकर दमत असेल, खोकत असेल, चक्कर येऊन पडला असेल किंवा झोपेत त्याचे श्वास मिनिटाला तीसहून अधिक होत असतील तर पशुवैद्यांना दाखवा आणि जाताना खाण्याच्या पिशवीवरील घटकांच्या यादीचा फोटो सोबत न्या.'*